एक भाकरी, एक चंद्र आणि अकरा अलंकार: साहित्यातल्या संज्ञा ओळखायच्या कशा

माझी भाची गेल्या वर्षी दहावीला होती आणि परीक्षेच्या महिनाभर आधी ती वही घेऊन माझ्याकडे आली, वहीत अलंकारांची लिस्ट, प्रत्येकापुढे व्याख्या आणि एकेक उदाहरण, सगळं सुवाच्य अक्षरात आणि सगळं पाठ. मी तिला गाइडबाहेरची एक ओळ दिली आणि विचारलं कोणता अलंकार, तर तिने लगेच विचारलं, "मावशी, यात जणू कुठंय गं?" तेव्हा लक्षात आलं की तिला अलंकार येत नव्हते, फक्त खुणेचे शब्द येत होते. असंच एमपीएससीच्या मराठीची तयारी करणाऱ्या मुलांचंही होतं, कॉलेजात मराठी घेतलेल्यांचंही होतं, आणि ज्यांना नुसती कविता वाचायची आवड आहे त्यांना तर समीक्षा वाचताना लक्षणा, व्यंजना, प्रतिमा, प्रतीक असे शब्द आले की पान उलटावंसं वाटतं. म्हणून हा लेख. आम्ही दोघींनी ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने सांगते, घाई करू नका, वही घेऊन बसा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे टेन्शन जाईल. अलंकार नक्की किती, याला एक उत्तर नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात फक्त 4 आहेत, उपमा, रूपक, दीपक आणि यमक. नंतरच्या लोकांनी बारीक बारीक फरक करत ही संख्या वाढवत नेली आणि 16व्या शतकातल्या अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंदात ती शंभराच्या वर गेली. त्यामुळे तुमच्या पुस्तकात 20 असतील आणि दुसऱ्याच्या पुस्तकात 28, तर कोणीच चुकलेलं नाही. नावं नंतर चिकटवलेली आहेत, ओळीत काय घडतंय ते आधीचं आहे. म्हणून आपणही आधी काय घडतंय ते बघायचं आणि नाव सगळ्यात शेवटी द्यायचं.

पहिली पायरी: शब्द बदलून बघा

कुठलीही ओळ समोर आली की आधी हे ठरवा की गंमत आवाजात आहे की अर्थात. यासाठी एक फार जुनी आणि फार सोपी टेस्ट आहे, ओळीतला महत्त्वाचा शब्द काढायचा आणि त्याच अर्थाचा दुसरा शब्द घालायचा. गंमत गेली तर शब्दालंकार, गंमत तशीच राहिली तर अर्थालंकार. "चंद्रासारखा चेहरा" म्हणा किंवा "शशीसारखं तोंड" म्हणा, ऐकायला कसंतरी वाटेल पण तुलना जागेवर आहे, म्हणजे अर्थालंकार. "हे मेघा, तू सर्वांना जीवन देतोस" या शाळेतल्या उदाहरणात जीवन म्हणजे पाणीही आणि आयुष्यही, तिथे जीवन काढून पाणी घाला, एक अर्थ उरला आणि दुसरा पळाला, म्हणजे शब्दालंकार, म्हणजे श्लेष. या एका टेस्टने अर्धे ऑप्शन बाद होतात.

शब्दालंकारात मुख्य तीनच. एखादं अक्षर परत परत येऊन नाद तयार झाला की अनुप्रास, एका शब्दातून दोन अर्थ निघाले की श्लेष, आणि ओळीच्या शेवटी किंवा ठरावीक जागी सारखी अक्षरं आली की यमक. श्लेषाचा एक प्रकार मुलांना फार आवडतो तो सभंग, म्हणजे शब्द मध्येच फोडला की दुसरा अर्थ निघतो. "श्रीकृष्ण नवरा मी नवरी, शिशुपाल नवरा मी न वरी" हे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं उदाहरण मोठ्याने म्हणून बघा, कानाला दोन्ही एकच आणि अर्थ एकदम उलटा, रुक्मिणीचं सगळं म्हणणं त्या एका फटीत आहे.

यमकाबद्दल एक कन्फ्युजन दूर करते. मराठीत आपण ओळीच्या शेवटी जुळणाऱ्या अक्षरांना यमक म्हणतो, पण संस्कृतात यमक म्हणजे तोच अक्षरसमूह परत येणं आणि दुसऱ्या वेळी अर्थ वेगळा असणं, आणि आपल्या यमकाला ते अन्त्यानुप्रास म्हणतात. एखाद्या पुस्तकात असं वाचलंत तर गोंधळू नका, मराठीच्या परीक्षेत मराठीचा अर्थ धरायचा.

दुसरी पायरी: बाहेर कोण आणि आत कोण

आता अर्थालंकार. यातल्या निम्म्याहून जास्त अलंकारांचं मूळ एकच आहे, दोन गोष्टी शेजारी ठेवणं. ज्या गोष्टीबद्दल आपण खरं बोलतोय ते उपमेय, आणि जी गोष्ट आपण बाहेरून आणली ते उपमान. दोघांत जे सारखं आहे ते साधर्म्य, आणि सारखेपणा सांगणारा सारखा, जसा, सम, परी, वाणी, गत असा जो शब्द असतो तो साधर्म्यवाचक. मुलं उपमेय आणि उपमान यात हमखास उलटसुलट करतात. तेव्हा स्वतःला विचारायचं, बोलणाऱ्याच्या समोर आत्ता खरोखर काय आहे? जे समोर आहे ते उपमेय, जे डोक्यातून आलं ते उपमान.

भाचीला हे समजावताना मी स्वयंपाकघरात ज्वारीची भाकरी करत होते. परातीत पीठ मळून गोळा घेतला, थापली, तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, पाणी सुकायला लागलं तशी उलटली आणि मग आचेवर धरली की हळूहळू पापुद्रा सुटून टम्म फुगली, पांढरी, गोल, मध्ये दोनचार तपकिरी डाग. ती बघून म्हणाली, "चंद्र दिसतोय." मी म्हटलं झालं, सापडली जोडी. भाकरी समोर आहे, ते उपमेय. चंद्र कुठून तरी आलाय, ते उपमान. गोलपणा, पांढरेपणा, डाग हे साधर्म्य. आता या दोघांचं नातं फक्त बदलत जायचं आणि अलंकार आपोआप बदलतो, तेच आम्ही त्या संध्याकाळी केलं, भाकरीला आजीची भाकरी केलं कारण आजीच्या हातची माझ्यापेक्षा खूपच चांगली होते.

"आजीची भाकरी चंद्रासारखी गोल आहे." दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, फक्त सारख्या आहेत. ही उपमा. यात चारही घटक आहेत म्हणून पूर्णोपमा, त्यातला एखादा गाळला, म्हणजे नुसतं "चंद्रासारखी भाकरी" म्हटलं आणि गोल सांगितलंच नाही, की लुप्तोपमा.

"आजीची भाकरी म्हणजे जणू चंद्रच." इथे एक पाऊल पुढे आलो. सारखी आहे एवढ्यावर न थांबता ती चंद्रच असावी अशी कल्पना केली, पण कल्पना आहे हे बोलणाऱ्याला माहीत आहे. ही उत्प्रेक्षा. जणू, गमे, वाटे, भासे, की हे शब्द तिथे येतात, पण शब्दावर विसंबू नका. "मला वाटतं पाऊस येईल" यात वाटतं आहे पण उपमानच नाही, तर उत्प्रेक्षा कुठली.

"तव्यावर भाकरीचा चंद्र उगवला." आता जणूही गेलं. भाकरी आणि चंद्र एकच झाले, चंद्र उगवतो म्हणून भाकरीही उगवली. हे रूपक. भाकरीचा चंद्र म्हटलं की मराठी वाचकाला नारायण सुर्वे आठवणारच, त्यांच्या दोन दिवस या कवितेत या दोन शब्दांनी जे वजन उचललंय ते कुठल्याही व्याख्येत मावत नाही. तिथे चंद्र हा प्रेमिकांचा राहत नाही, तो भुकेल्या माणसाच्या हाती न लागणारा होतो, आणि रूपक म्हणजे दोन वस्तू नुसत्या चिकटवणं नाही, एका वस्तूवरची जुनी सावली पुसून नवी पाडणं आहे, हे तिथे कळतं.

"ही भाकरी नव्हेच, चंद्र आहे हा!" इथे उपमेय सरळ नाकारलं. नाकारून लपवलं म्हणून अपन्हुती, अपन्हुती म्हणजे लपवणं. खूण म्हणजे नकार. पण नकार दिसला की लगेच अपन्हुती लिहू नका, नाकारून त्या जागी उपमान बसवलंय का ते बघा.

"चंद्र रोज झिजतो, आजीची भाकरी मात्र रोज पूर्ण." उपमेय उपमानापेक्षा वरचढ ठरलं. हा व्यतिरेक. "अमृताहूनी गोड नाम तुझे देवा" हे सगळ्यांना तोंडपाठ असलेलं उदाहरण इथलंच, नाम हे उपमेय, अमृत हे उपमान, आणि नाम जिंकलं.

"आजीच्या भाकरीसारखी आजीचीच भाकरी." शोधून शोधून उपमान सापडेना, म्हणून उपमेयालाच उपमान केलं. हा अनन्वय. बोलताना आपण हा सर्रास वापरतो, "त्याच्यासारखा तोच" म्हणतो तेव्हा अनन्वयच करत असतो.

"तव्यावर भाकरी आहे की चंद्र?" खरंच ठरत नाहीये. हा ससंदेह. आणि "बाळ चांदोबा चांदोबा म्हणत तव्याकडे धावलं" हा भ्रांतिमान. या दोघांतला फरक परीक्षेत नेहमी विचारतात आणि मुलं नेहमी चुकतात, तर असं लक्षात ठेवा, संशय असेपर्यंत माणूस जागेवरच उभा असतो, भ्रम झाला की तो त्याप्रमाणे वागतो. बाळ धावलं. त्याला शंका नाही, खात्री आहे, फक्त खात्री चुकीची आहे.

"चंद्र आजीच्या भाकरीसारखा दिसतोय." आता आपण अंगणात उभे आहोत, समोर चंद्र आहे, आणि आठवली भाकरी. नेहमीचं उपमान उपमेय झालं, उलटं झालं म्हणून प्रतीप. "चंद्र पाहिला की आजीची भाकरी आठवते" एवढंच म्हटलं तर स्मरण. शाळेच्या पुस्तकात हे दोन सहसा नसतात, पण कवितेत खूप दिसतात.

आणि अकरावा. "आजीने माझ्या ताटात चंद्र वाढला." भाकरी हा शब्दच गायब. उपमानाने उपमेयाला गिळलं. जुने आलंकारिक याला अतिशयोक्तीचा एक प्रकार मानतात, मम्मटाच्या काव्यप्रकाशात तो पहिलाच दिलाय, आणि शाळेत आपण शिकतो ती अतिशयोक्ती, म्हणजे कुठलीही गोष्ट फुगवून सांगणं, "भाकरी एवढी मोठी की गाव जेवला", तीही अतिशयोक्तीच. दोन्ही बरोबर, पण एखाद्या ओळीत उपमेय शोधून शोधून सापडत नसेल तर ते गिळलं गेलंय का हे बघायची सवय लावा.

हा सगळा खेळ तुम्ही घरी करा, भाकरी-चंद्र नको, तुमची स्वतःची जोडी घ्या. भाचीने नंतर लोकल आणि अजगर घेतलं होतं, तिच्या मैत्रिणीने दप्तर आणि डोंगर. स्वतः अकरा वाक्यं केली की व्याख्या पाठ करायची गरज उरत नाही, हे मी अगदी मनापासून सांगते.

तिसरी पायरी: जोडी नसेल तर

सगळ्या ओळींत उपमेय-उपमान नसतं. तेव्हा दोन वाक्यं शेजारी आहेत का ते बघा. एक विधान आणि त्याला पटवून देणारं दुसरं. "रोज थोडं वाचलेलं डोक्यात बसतं, दोराच्या घासण्याने विहिरीच्या दगडालाही खाच पडते." दोन्ही वाक्यं स्वतंत्र आहेत आणि एकमेकांची आरशातली छबी आहेत, हा दृष्टान्त. तुकोबांचं "लहानपण देगा देवा, मुंगी साखरेचा रवा" आणि पुढचा अंकुशाचा मार खाणारा ऐरावत, हेच. पण दुसरं वाक्य जर सगळ्यांना लागू होणारा नियम असेल तर तो अर्थान्तरन्यास. "पाच वर्षं त्याने दुकान लावून धरलं आणि शेवटी चाललं, चिकाटीला फळ येतंच." दगडाची खाच ही एक ठरावीक गोष्ट आहे, चिकाटीला फळ येतं हा नियम आहे. ठरावीकाच्या शेजारी नियम, किंवा नियमाच्या शेजारी ठरावीक, एवढंच बघायचं.

आणि जे सांगायचंय ते न सांगता दुसऱ्याच कोणाबद्दल बोललं तर अन्योक्ती. "नाचता येईना अंगण वाकडे" ही म्हण कोणाला उद्देशून म्हटली की ना तिथे नाच असतो ना अंगण.

बाकीचे भराभर सांगते कारण ते नावावरूनच कळतात. निर्जीव वस्तू माणसासारखी वागली की चेतनगुणोक्ती, वरवर विरोध आणि खोलात गेलं की नाही तो विरोधाभास, जसं आहे तसं हुबेहूब वर्णन म्हणजे स्वभावोक्ती, स्तुतीच्या आडून निंदा किंवा निंदेच्या आडून स्तुती ही व्याजस्तुती. स्वभावोक्तीबद्दल एवढंच म्हणेन की तिला कमी समजू नका. वर मी भाकरी उलटल्याचं जे लिहिलं त्यात एकही उपमान नाही, पण ज्याच्या घरी भाकरी होते त्याला तो पापुद्रा दिसला असेल. नीट बघून नीट सांगणं हा अलंकार आहे हे आपल्या जुन्या लोकांनी मान्य केलं, मला याचं फार अप्रूप वाटतं.

चौथी पायरी: शब्दाचा अर्थ कितव्या मजल्यावर आहे

अलंकार झाले की शब्दशक्ती. तीन आहेत, अभिधा, लक्षणा, व्यंजना, आणि त्यातून निघणारे अर्थ वाच्यार्थ, लक्ष्यार्थ, व्यंग्यार्थ. यातही व्याख्या बाजूला ठेवून प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न, शब्दशः अर्थ घेतला तर वाक्य चालतं का? "मुंगी साखर नेते", चालतं. अभिधा. "सगळं गाव रस्त्यावर उतरलं", गाव म्हणजे घरं, झाडं, विहिरी, ती कशी उतरतील, म्हणजे शब्दशः अर्थ अडला. आता दुसरा प्रश्न, अडलेल्या अर्थाच्या शेजारचा, त्याच्याशी संबंध असलेला अर्थ घेतला तर चालतं का? गावातली माणसं, चालतं. आणि तिसरा, असं बोलायची रूढी आहे किंवा असं बोलण्यामागे काही हेतू आहे का? आहे, एकही माणूस घरी राहिला नाही हे ठसवायचं होतं. तिन्ही जमलं की लक्षणा. अर्थ अडला पाहिजे, शेजारचा अर्थ संबंधित पाहिजे, आणि रूढी किंवा हेतू पाहिजे, या तीन अटी अलंकारशास्त्रात आधीपासून सांगितलेल्या आहेत. "पोटात कावळे ओरडतात" सारखे आपले बहुतेक वाक्प्रचार रूढीवरच चालतात, आपल्याला आता अर्थ अडल्याचं जाणवतही नाही.

व्यंजनेत मात्र अर्थ अडावाच लागतो असं नाही. बहुतेक वेळा वाक्य सरळ असतं, चालतंही, आणि तरी त्यातून आणखी काहीतरी निघतं. "साडेसात वाजले" हे वाक्य घ्या. आई सकाळी म्हणाली तर ऊठ. दुकानदार रात्री म्हणाला तर आता शटर ओढू या. दारात उभी राहून एखादी बाई म्हणाली तर अजून घरी आला नाही. वाक्य तेच, घड्याळ खरंच साडेसात दाखवतंय, पण अर्थ कोण, कोणाला, कुठे म्हणतंय यावर. जुने लोक यासाठी "सूर्य मावळला" हे उदाहरण देत, 9व्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ध्वन्यालोक लिहून हा न बोललेला अर्थच काव्याचा आत्मा आहे असं ठासून मांडलं. म्हणून व्यंजना शोधताना शब्दाकडे कमी आणि बोलणाऱ्याकडे जास्त बघायचं.

मी एका गाइडमध्ये "सगळं गाव रस्त्यावर उतरलं" अशाच एका वाक्यापुढे व्यंजना छापलेलं पाहिलंय आणि दोन मुलं त्यावरून माझ्याशी वाद घालत बसली होती. छापलेलं उत्तर पटत नसेल तर वरचे तीन प्रश्न स्वतः विचारा आणि मग ठरवा.

आजकालच्या समीक्षेतले प्रतिमा आणि प्रतीक हे दोन शब्द इथेच उरकते. कवितेने डोळ्यांना, कानांना, जिभेला जाणवेल असं काही उभं केलं की प्रतिमा. तीच गोष्ट एखाद्या मोठ्या कल्पनेच्या जागी कायमची बसली की प्रतीक. तव्यावर फुगलेली भाकरी ही प्रतिमा, आणि भाकरीसाठी मोर्चा निघाला म्हणतो तेव्हा भाकरी हे जगण्याच्या हक्काचं प्रतीक.

पाचवी पायरी: मोजायचं कसं

वृत्त, म्हणजे कवितेच्या ओळीची ठरलेली लय, म्हटलं की मुलं घाबरतात, पण हा सगळ्यात खात्रीचा भाग आहे कारण इथे मतभेद नाही, मोजलं की उत्तर.

अ, इ, उ, ऋ हे ऱ्हस्व स्वर असलेलं अक्षर लघु, त्याची 1 मात्रा, मात्रा म्हणजे अक्षर म्हणायला लागणाऱ्या वेळेचं माप. दीर्घ स्वर, ए, ऐ, ओ, औ, अनुस्वार किंवा विसर्ग असलेलं अक्षर गुरू, त्याच्या 2 मात्रा. ऱ्हस्व अक्षराच्या पुढे जोडाक्षर असेल आणि त्याचा आघात मागच्या अक्षरावर येत असेल तर तेही गुरू. आघात येतो की नाही हे कसं कळणार? मोठ्याने म्हणून. "पुस्तक" म्हणा, पु वर जोर येतो. "पुन्हा", "तुम्हाला" म्हणा, येत नाही, म्हणून तिथे पु आणि तु लघुच. चरणाचं शेवटचं अक्षर गरज पडली तर गुरू धरतात.

मग तीन तीन अक्षरांचे गट, म्हणजे गण. आठ आहेत आणि ते लक्षात ठेवायला एकच ओळ, यमाताराजभानसलगा. ज्या गणाचं रूप हवं त्या अक्षरापासून तीन अक्षरं उचलायची. य गण पाहिजे? यमाता, लघु गुरू गुरू. ज गण? जभान, लघु गुरू लघु. स? सलगा, लघु लघु गुरू. ही ओळ ज्याने कोणी बनवली त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करते.

आता एक ओळ मोजू, मोरोपंतांच्या केकावलीतली, जी घराघरात म्हटली जायची. सुसंगति सदा घडो सुजनवाक्य कानी पडो. पेन्सिलने तीन तीन अक्षरं तोडा. सुसंग, लघु गुरू लघु, सं वर अनुस्वार आहे म्हणून गुरू, ज गण. तिसदा, लघु लघु गुरू, स गण. घडोसु, लघु गुरू लघु, परत ज. जनवा, लघु लघु गुरू, परत स. क्यकानी, लघु गुरू गुरू, य गण. उरले पडो, लघु गुरू. एकूण 17 अक्षरं, ज स ज स य ल ग, वृत्त पृथ्वी. आणि "सुसंगति सदा घडो" म्हणून तुम्ही जिथे आपोआप श्वास घेता ती 8व्या अक्षरानंतरची जागा म्हणजे यती. शब्द कुठे तुटतात याचा गणाशी काही संबंध नाही, हे मात्र पहिल्यांदा करताना फार टोचतं, तिसदा असा काही शब्द नाही ना, भाचीचंही तेच झालं. दोनतीन ओळी केल्यावर हात बसतो.

ज्यात प्रत्येक अक्षराचा लघु-गुरू क्रम ठरलेला ते अक्षरगणवृत्त, जसं हे पृथ्वी. ज्यात फक्त मात्रांची बेरीज बघतात ते मात्रावृत्त. आणि ज्यात लघु-गुरू सोडून नुसती अक्षरं मोजतात, किंवा तीही सैल असतात, तो छंद. आपले ओवी आणि अभंग छंदात येतात. मोठ्या अभंगात चार चरण, अक्षरं 6, 6, 6, 4, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक. "सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया" बोटांवर मोजा, बरोब्बर. विटेवरी आणि कटावरी जुळलं, ठेवोनिया सुटं राहिलं. ज्ञानेश्वरीसारख्या ग्रंथातल्या ओवीत पहिल्या तीन चरणांत यमक येतं, चौथा आखूड आणि मोकळा, आणि अक्षरांचं बंधन तितकं कडक नाही. जात्यावरची ओवी तर जात्याच्या फेऱ्याबरोबर लांबते आखडते, ती मोजण्यापेक्षा ऐकायची.

सगळं एका ओळीवर

शेवटच्या दिवशी आम्ही बहिणाबाई चौधरींच्या दोन ओळी घेतल्या, मुद्दाम, कारण तवा आणि भाकर दोन्ही त्यात आहेत.

अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर
आधी हाताला चटके, तंव्हा मिळते भाकर

मोजलं, प्रत्येक तुकड्यात 8 अक्षरं. चुल्ह्यावर आणि भाकर यांचं यमक. शब्द बदलून बघितला, भाकर काढून पोळी घातली, तर यमक गेलं पण तुलना तशीच राहिली, म्हणजे तुलना अर्थालंकारातली. बोलणारी खरं कशाबद्दल बोलतेय? संसाराबद्दल, ते उपमेय. बाहेरून काय आणलं? तवा. नातं? जसा, म्हणजे उपमा. साधर्म्य कुठंय, असं मी विचारल्यावर भाची जरा थांबली आणि म्हणाली, अख्खी दुसरी ओळच साधर्म्य आहे. एकदम बरोबर. गोलपणा नाही, रंग नाही, आधी पोळायचं मग मिळायचं हा क्रम सारखा आहे. चारही घटक सापडले, पूर्णोपमा.

मग चटके. तव्याच्या बाबतीत शब्दशः खरे, अभिधा. संसाराच्या बाबतीत हात भाजत नाही, अर्थ अडला, शेजारचा अर्थ म्हणजे कष्ट, अपमान, काळज्या, म्हणजे लक्षणा. भाकरीचंही तसंच. आता व्यंजना राहिली, तर मी तिला म्हटलं शब्द बघू नकोस, बोलणारी कोण आहे ते बघ. चुलीपुढे बसलेली बाई. भाची बराच वेळ वहीकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "मावशी, चटके ज्या हाताला बसतात भाकर त्याच हाताला मिळते, असं कुठं म्हटलंय गं?"

त्या दिवशी पुढचे प्रश्न सोडवायचे राहून गेले, रात्री जेवायला बसेपर्यंत आम्ही त्या एकाच ओळीवर बोलत होतो.